फिजिक्सचे न्यूमरिकल्स: नेमके कुठे चुकतात आणि कागदावर कोणत्या क्रमाने मांडायचे

भांडुपला आमच्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची सात-आठ पोरं येतात आणि गेली काही वर्षं मी एकच गोष्ट बघतेय. गणित वाचायला दिलं की अर्धं वाचून व्हायच्या आत पेन्सिल चालायला लागते आणि वहीत पहिली ओळ उमटते, एफ इज इक्वल टू एम ए (फोर्स म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण). कोणाचं एम, कोणाचा ए, असं विचारलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. "ताई, दिलंय ना पाच किलो." दिलंय, पण ते वरच्या खोक्याचं आहे आणि फोर्स तू खालच्या खोक्यावरचा घेतलायस.

फॉर्म्युला येत नाही म्हणून गणित अडलं असं फार कमी वेळा होतं. फॉर्म्युला येतो, फक्त तो फार लवकर येतो. म्हणून खाली पायऱ्या दिल्यात त्या त्याच क्रमाने करा, पहिले आठ-दहा दिवस कंटाळा येईल, एकेका गणिताला वीस मिनिटं जातील, जाऊ दे.

१. बसण्याआधीची तयारी

फार काही लागत नाही. पाठकोरे कागद, पेन्सिल, खोडरबर, पट्टी. कॅल्क्युलेटर लांब ठेवा, बारावी बोर्डाला आणि सीईटीला तो मिळणार नाहीये, मग घरी त्याची सवय कशाला. बोर्डासाठी लॉग टेबल जवळ ठेवा आणि घरी तेच वापरा, परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदा उघडलं तर अँटीलॉगच्या जागी लॉग बघून याल.

भिंतीवर एक छोटा कागद चिकटवा. त्यावर चाळीस फॉर्म्युले नकोत, एवढंच पुरे:

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर पर सेकंद.
चौरस सेंटीमीटरला १०,००० ने भागलं की चौरस मीटर (१०० ने नाही, इथे दर वर्षी निम्मे घसरतात).
जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) = ९.८, गणितात १० घ्या म्हटलं असेल तरच १०.
१ इलेक्ट्रॉन व्होल्ट = १.६ × १० चा उणे १९ वा घात ज्यूल.
प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग = १२४० इलेक्ट्रॉन व्होल्ट नॅनोमीटर. हा एक आकडा पाठ असला तर ॲटमच्या धड्यातली अर्धी आकडेमोड वाचते.

२. गणित दोनदा वाचा, पहिल्यांदा शेवटून

शेवटचं वाक्य आधी वाचा. काय विचारलंय? वेग, वेळ, फोर्स, की एनर्जी? ते कागदाच्या वर उजव्या कोपऱ्यात लिहा आणि त्याला चौकट करा. मग पहिल्यापासून वाचा, आणि या वेळी आकड्यांच्या मागे लागू नका, शब्दांखाली रेघा मारा. कारण निम्मी माहिती आकड्यांत नसतेच, ती साध्या दिसणाऱ्या शब्दांत लपलेली असते.

"विराम स्थितीतून" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "गुळगुळीत" म्हणजे फ्रिक्शन धरायचं नाही. "हलकी दोरी" म्हणजे दोरीचं वजन नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना ताण सारखा. "नुकतीच सरकायला लागते" म्हणजे फ्रिक्शन आपल्या कमाल मर्यादेवर आहे. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित शब्द, "स्थिर वेगाने". म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे सगळे फोर्स एकमेकांना रद्द करतायत. पोरांना वाटतं हलतंय म्हणजे पुढे ढकलणारा फोर्स जास्तच असणार. नसतो.

तपासा: गणित झाकून ते शेजारच्याला आपल्या शब्दांत सांगता येतंय का? नाही आलं तर परत वाचा, चित्राकडे अजून जाऊ नका.

३. गोष्ट कोणाची आहे ते ठरवा

एका वेळी एकच वस्तू. लोकलमध्ये उभा असलेला माणूस, की लोकल, की माणसाच्या खांद्यावरची बॅग? ठरवा आणि चित्रात तिच्याभोवती तुटक रेघेने गोल काढा. गोलाच्या आत जे आहे त्याचंच वस्तुमान, त्याचंच त्वरण, आणि गोलाच्या बाहेरून आत येणारे तेवढेच फोर्स. आतल्या दोन वस्तू एकमेकांना ढकलत असतील तर ते आतलं भांडण, गोलाच्या हिशोबात धरायचं नाही.

दोन खोकी दोरीने बांधून ओढतायत असं गणित असेल तर आधी दोघांभोवती मिळून एक गोल करा, त्वरण काढा, मग ताण विचारला असेल तर फक्त मागच्या खोक्याभोवती दुसरा गोल करा. मागच्याच का, तर त्याला ओढणारी एकच दोरी असते, पुढच्याला दोन.

थांबा: टेबलावर पुस्तक ठेवलंय, त्याचं वजन खाली आणि टेबलाचा नॉर्मल फोर्स (पृष्ठभाग काटकोनात ढकलतो तो) वर, ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी आहे असं जवळपास प्रत्येक नवीन मुलगा सांगतो. ती जोडी नाहीये. तिसऱ्या नियमाचे दोन फोर्स कधीच एका वस्तूवर नसतात. पृथ्वी पुस्तकाला ओढते त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबल पुस्तकाला वर ढकलतं त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. वजन आणि नॉर्मल सारखे येतात ते त्वरण शून्य आहे म्हणून, आणि हे किती खरं ते लिफ्टच्या गणितात लगेच कळतं.

४. बाण काढा, आणि प्रत्येक बाणाला "कोण?" विचारा

वस्तू म्हणून फक्त एक ठिपका काढा. मग क्रमाने: पृथ्वी ओढते, एक बाण खाली. मग वस्तूला कोण कोण टेकलंय? जमीन, दोरी, हात, स्प्रिंग, प्रत्येक टेकणाऱ्याचा बाण. झालं. शाळेतल्या मेकॅनिक्समध्ये यापलीकडे काही नसतं.

आता प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारा, हा कोण लावतंय? नाव सांगता आलं नाही तर बाण खोडा. "पुढे जायचा फोर्स" कोण लावतंय? कोणी नाही, खोडा. "एम ए" नावाचा बाण? तो फोर्सच नाही, बाकीच्या बाणांच्या बेरजेचा परिणाम आहे, तो समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, चित्रात नाही.

लोकलचंच घ्या. ब्रेक लागला की आपण पुढे फेकले जातो, तर पोरं पुढच्या दिशेने एक मोठा बाण काढतात. कोणी ढकललं? मागचा माणूस, असं उत्तर येतं (आणि सकाळी ८.४० च्या गाडीत ते खरंही असतं). पण डबा रिकामा असेल तर? बूट आणि फरशी यांच्यातलं फ्रिक्शन आपल्याला मागे खेचतं, गाडीबरोबर थांबवण्यासाठी, आणि तोच एक आडवा बाण. समजा गाडी ताशी ७२ किलोमीटरवरून २५० मीटरमध्ये थांबते. ७२ म्हणजे २० मीटर पर सेकंद, वेगाचा वर्ग ४००, भागिले दोनदा २५०, मंदन ०.८ मीटर पर सेकंद वर्ग. साठ किलोच्या माणसाला लागणारा फोर्स फक्त ४८ न्यूटन. मग एवढ्याशा फोर्सने आपण तोल का जाऊन पडतो? कारण तो पायाला लागतो आणि शरीराचं वजन त्याच्या मीटरभर वर असतं, पाय थांबतात, धड चालू राहतं. ते टॉर्कचं (फिरवणाऱ्या जोराचं) प्रकरण, इथे नको.

५. लिफ्टचं गणित, जिथे सगळ्यांची दांडी गुल होते

लिफ्टमध्ये वजनकाट्यावर ६० किलोचा माणूस उभा आहे. लिफ्ट खाली येतेय आणि १.५ मीटर पर सेकंद वर्ग या दराने तिचा वेग कमी होतोय. काटा किती दाखवेल?

दहातली आठ पोरं ६० गुणिले (९.८ वजा १.५) करून ४९८ न्यूटन लिहितात, कारण "खाली जातेय ना ताई". आता नीट करू. माणूस हीच गोष्ट, त्याच्याभोवती गोल. बाण दोन, पृथ्वीचा खाली ५८८ न्यूटन, काट्याचा वर, तो शोधायचा. त्वरणाची दिशा? वेग खाली आहे आणि कमी होतोय, म्हणजे त्वरण वर. वर प्लस धरलं तर काट्याचा फोर्स वजा ५८८ = ६० × १.५. उत्तर ६७८ न्यूटन, काटा साधारण ६९ किलो दाखवेल. तळमजल्यावर लिफ्ट थांबताना गुडघ्यात जे जड वाटतं ते हेच.

वेगाची दिशा आणि त्वरणाची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्राच्या बाजूला, बाणांपासून लांब, दोन्ही वेगळ्या लिहायची सवय लावा.

६. उतार, फ्रिक्शन, आणि अक्ष तिरके करणं

मस्जिद बंदरला टेम्पोतून माल उतरवताना फळी लावतात ती बघितली असेल. तीच घेऊ. ५० किलोचं पोतं, फळी जमिनीशी ३० अंशात, फळीची लांबी ३ मीटर, फ्रिक्शनचा गुणांक ०.३ (स्थिर आणि सरकतानाचा एकच धरू). पोतं वरून सोडलं, खाली पोचताना वेग किती?

पोत्याभोवती गोल. बाण तीन: वजन ४९० न्यूटन सरळ खाली, फळीचा नॉर्मल फळीला काटकोनात, फ्रिक्शन फळीच्या बाजूने वरच्या दिशेला. अक्ष फळीच्या दिशेने घ्या, म्हणजे तीनपैकी फक्त एकच बाण तोडावा लागतो, वजनाचा.

तोडताना साइन कुठे आणि कॉस कुठे हे पाठ करू नका, परीक्षेत उलटं होतंच. कोन शून्य करून बघा. फळी आडवी झाली तर पोतं सरकणार नाही, म्हणजे फळीच्या दिशेचा भाग शून्य झाला पाहिजे, आणि शून्याचा साइन शून्य असतो. म्हणून सरकवणारा भाग साइनचा. पाच सेकंद लागतात.

सरकवणारा भाग ४९० × ०.५ = २४५ न्यूटन. नॉर्मल ४९० × ०.८६६ = ४२४ न्यूटन. इथे "नॉर्मल बरोबर एम जी" लिहिलंत तर पुढचं सगळं गेलं, नॉर्मल वजनाएवढा फक्त सपाटीवर आणि वर-खाली दुसरं कोणी ढकलत नसताना असतो.

आता मोठा खड्डा. फ्रिक्शन म्हणजे म्यू (फ्रिक्शनचा गुणांक) गुणिले नॉर्मल, असं लगेच लिहू नका. आधी विचारा, सरकतंय का? म्यू गुणिले नॉर्मल ही कमाल मर्यादा आहे, इथे १२७ न्यूटन. सरकवणारा भाग २४५, मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे सरकतं, म्हणून फ्रिक्शन १२७. पण समजा गुणांक ०.७ असता. मर्यादा २९७ झाली असती, सरकवणारा भाग २४५, पोतं जागचं हललंच नसतं आणि फ्रिक्शन २४५ असतं, २९७ नव्हे. २९७ घेऊन पुढे गेलं तर त्वरण उणे येतं, म्हणजे पोतं आपोआप फळीवर चढायला लागतं. मी हे वहीत खरंच बघितलंय, आणि उत्तराखाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या.

पुढे सोपं. उरलेला फोर्स २४५ वजा १२७.३ म्हणजे ११७.७, भागिले ५०, त्वरण २.३५. वेगाचा वर्ग २ × २.३५ × ३ = १४.१, वेग ३.७६ मीटर पर सेकंद.

७. फोर्सने करायचं की एनर्जीने?

हा प्रश्न चित्र झाल्यावर विचारायचा, आधी नाही. माझा नियम साधा आहे: गणितात वेळ किंवा त्वरण विचारलं असेल तर फोर्स, फक्त उंची, अंतर आणि वेग यांचीच चर्चा असेल तर एनर्जी, टक्कर असेल तर आधी मोमेंटम (वस्तुमान गुणिले वेग).

तेच पोतं एनर्जीने बघा. उंची ३ × ०.५ = १.५ मीटर, स्थितिज ऊर्जा ४९० × १.५ = ७३५ ज्यूल. फ्रिक्शनने खाल्ले १२७ × ३, म्हणजे ३८२ (१२७.३ धरून). उरले ३५३. त्यातून वेग काढा, ३.७६ येतो. दोन रस्त्यांनी एकच उत्तर आलं की कोणाला विचारायला नको, घरी सराव करताना हे मुद्दाम करा.

एनर्जीतली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे गुरुत्वाकर्षण दोनदा मोजणं. एकदा एमजीएच (स्थितिज ऊर्जा) म्हणून, आणि परत "वजनाने केलेलं कार्य" म्हणून. दोन्हीपैकी एकच घ्या.

दुसरी चूक दहीहंडीच्या गणितात नेहमी सापडते. ५० किलोचा गोविंदा ५ मीटर उंचीवरून गादीवर पडला, गादी ३० सेंटीमीटर दबली, गादीने सरासरी किती फोर्स लावला? पोरं लिहितात ४९० × ५ भागिले ०.३ = ८१६७ न्यूटन. पण गादीला टेकल्यावर तो आणखी ३० सेंटीमीटर खाली गेलाच ना, पृथ्वी तेव्हा ओढायची थांबली नव्हती. एकूण उतरण ५.३ मीटर, म्हणून ४९० × ५.३ भागिले ०.३ = ८६५७ न्यूटन. दोन उत्तरांतला फरक ४९०, म्हणजे नेमकं त्याचं स्वतःचं वजन तुम्ही विसरलात. आणि गादी नसेल, रस्त्यावर पडून शरीर जेमतेम २ सेंटीमीटर दबलं असं धरलं तर हाच फोर्स सव्वा लाख न्यूटनच्या घरात जातो. गादी एनर्जी कमी करत नाही, थांबायला अंतर देते. हा आकडा मी प्रत्येक श्रावणात पोरांकडून मुद्दाम काढून घेते.

टक्करीचं थोडक्यात. कॅरममध्ये १५ ग्रॅमचा स्ट्रायकर २ मीटर पर सेकंदने ५ ग्रॅमच्या सोंगटीवर समोरासमोर आदळला. मोमेंटम कायम, हे नेहमीच लिहायचं. कायनेटिक एनर्जी कायम, हे फक्त "इलॅस्टिक" शब्द असेल तरच. इलॅस्टिक असेल तर स्ट्रायकर १ आणि सोंगटी ३ मीटर पर सेकंदने पुढे जातात. दोघं चिकटून गेले असते तर १.५, आणि २२.५ वर आलेल्या एनर्जीच्या हिशोबात सुरुवातीच्या ३० मधले ७.५ कुठे गेले असं विचारत बसू नका, ते आवाजात आणि उष्णतेत गेले. (हे आकडे ग्रॅममध्येच आहेत, म्हणजे मिलीज्यूल. उत्तर ज्यूलमध्ये मागितलं तर बदला.)

८. ॲटमचं गणित: आधी खोका ओळखा

इथे बाण काढायचे नसतात म्हणून पोरं खूश होतात आणि मग सरळ फॉर्म्युल्यावर उडी मारतात. ॲटमची सुरुवातीची गणितं चार खोक्यांतली असतात: फोटॉनची (प्रकाशाच्या एका कणाची) एनर्जी, लेव्हल (इलेक्ट्रॉनच्या एनर्जीच्या पायऱ्या), न्यूक्लियसची (अणूच्या गाभ्याची) एनर्जी, आणि हाफ लाइफ (किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ). कुठलं खोकं ते समासात लिहा. चित्र इथेही आहेच, लेव्हलसाठी शिडी काढा, हाफ लाइफसाठी वेळेची रेघ.

फोटॉन. मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये एलईडी लागायच्या आधी जे पिवळे सोडियमचे दिवे होते तो सोडियमचा पिवळा ५८९ नॅनोमीटरचा. १२४० भागिले ५८९, २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. आता हाच प्रकाश सोडियम धातूवर टाकला, वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान एनर्जी) २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेतलं, इलेक्ट्रॉन निघेल? नाही. दिवा दहापट मोठा केला तर? तरीही नाही. दिवा मोठा केला की फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची ऐपत तेवढीच राहते.

थांबा: फोटॉनची एनर्जी ज्यूलमध्ये आणि वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये ठेवून वजाबाकी करू नका. ३.४ × १० चा उणे १९ वा घात, त्यातून २.३ वजा, असं गेल्या महिन्यातच एका वहीत होतं आणि उत्तर उणे २.३ आलं होतं. वजाबाकीच्या आधी दोन्हीकडे एकच युनिट आहे का ते बोटाने दाखवा.

लेव्हल. हायड्रोजनची शिडी: पहिली पायरी उणे १३.६, दुसरी उणे ३.४, तिसरी उणे १.५१. इलेक्ट्रॉन तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला तर फरक १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, १२४० ला त्याने भागा, ६५६ नॅनोमीटर, लाल. चूक कुठे होते? १३.६ भागिले (३ वजा २) चा वर्ग, असं करतात. आधी दोन्ही पायऱ्यांच्या एनर्जी वेगवेगळ्या काढा, मगच वजा करा. आणि ही शिडी हायड्रोजनची आहे, वरच्या सोडियमला लावायची नाही. एकच इलेक्ट्रॉन उरलेला हेलियमसारखा आयन असेल तर अणुक्रमांकाच्या वर्गाने गुणून चालते, बाकी कुठे नाही.

न्यूक्लियस. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या तिसऱ्या किंवा चौथ्या युनिटचं गणित मला आवडतं, प्रत्येकी ५४० मेगावॉट. एका फिशनमधून (न्यूक्लियस फुटण्यातून) साधारण २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३.२ × १० चा उणे ११ वा घात ज्यूल. दिवसाला किती युरेनियम-२३५ फुटतं? सगळे ५४० लाच भागायला घेतात. पण ५४० ही तारेतून बाहेर जाणारी वीज आहे. कार्यक्षमता ३० टक्के धरली तर उष्णता १८०० मेगावॉट लागते. १८०० × १० चा ६ वा घात, भागिले ३.२ × १० चा उणे ११ वा घात, सेकंदाला ५.६ × १० चा १९ वा घात फिशन. ॲव्होगॅड्रोच्या आकड्याने भागून २३५ ने गुणलं तर सेकंदाला ०.०२२ ग्रॅम, आणि दिवसाला १.९ किलो (सगळं फिशन २३५ चंच धरून). दोन किलोच्या आतलं पुडकं. उत्तर टनांत आलं तर वीज आणि उष्णतेत नव्हे, दहाच्या घातात घोळ आहे.

हाफ लाइफ. परळच्या हॉस्पिटलांत स्कॅनसाठी टेक्नेशियम-९९एम वापरतात, हाफ लाइफ ६ तास. सकाळी ७ ला ८०० मेगाबेकरेल (किरणोत्सार मोजायचं युनिट) असेल तर दुपारी १ ला ४००, संध्याकाळी ७ ला २००. संध्याकाळी ७ ला शून्य लिहिणारे दर बॅचला निघतात, सहा तासांत निम्मं गेलं म्हणजे अजून सहा तासांत उरलेलं निम्मं, असं म्हणून. दर वेळी जे उरलंय त्याचं निम्मं. दुपारी ४ ला किती? ४०० आणि २०० च्या मधला म्हणून ३०० लिहू नका. ९ तास म्हणजे दीड हाफ लाइफ, २ चा दीडावा घात २.८३, उत्तर २८३. रेघ सरळ नाही, खाली झोळ असलेली आहे, म्हणून मधल्या वेळेचं उत्तर नेहमी सरासरीपेक्षा थोडं कमी येणार.

९. आकडे सगळ्यात शेवटी घाला

अक्षरांतच समीकरण सोडवा, हवी ती गोष्ट एकटी डावीकडे आणा, मग आकडे. बऱ्याचदा वस्तुमान दोन्हीकडून उडून जातं आणि कळतं की ५० किलो हे नुसतं सजावटीला दिलं होतं. वरच्या पोत्याचा वेग २० किलोच्या पोत्यालाही तेवढाच येतो, करून बघा.

दहाचे घात वेगळ्या ओळीत गोळा करा, साधे आकडे वेगळ्या ओळीत. एकत्र भागायला गेलात की उणे खाऊन टाकता. राउंडिंग मधल्या पायऱ्यांत नको, शेवटी एकदाच.

१०. उत्तर आल्यावर दोन मिनिटं

युनिट बघा. मग टोकाला नेऊन बघा, फ्रिक्शन शून्य केलं, कोन नव्वद केला, लिफ्टची दोरी तुटली, तर उत्तर शहाण्यासारखं वागतंय का? दोरी तुटली तर काट्यावर शून्य यायला हवं.

मग आकार. चालणारा माणूस साधारण दीड मीटर पर सेकंद, वेगात असलेली लोकल २० च्या आसपास, शंभर ग्रॅमच्या पुडीचं वजन जवळपास १ न्यूटन, तीच मीटरभर उचलली की १ ज्यूल. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन साधारण १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, न्यूक्लियसमधलं काही असेल तर लाखो-कोटींत. मघाच्या लोकलच्या गणितात ७२ तसंच ठेवून वर्ग केला तर मंदन १०.४ येतं, जी पेक्षा जास्त. तो ब्रेक नाही, ती धडक आहे. असं उत्तर आलं की युनिटकडे परत जा, फॉर्म्युल्याकडे नाही.

११. चुकांची वही

चुकलेलं गणित परत सोडवून "आता आलं" म्हणायचं आणि पान उलटायचं, हे सगळे करतात आणि तीच चूक प्रिलिमला परत करतात. त्याऐवजी एका वहीत एकच ओळ लिहा: कितव्या पायरीवर घसरलो. गणित उतरवू नका, उत्तरही नको. "पायरी ६, सरकतंय का ते विचारलं नाही." "पायरी ८, ज्यूलमधून ईव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट) वजा." महिन्याभरात तीस-चाळीस ओळी होतात, त्यातले पायऱ्यांचे आकडे मोजा. एखादाच आकडा दहा-बारा वेळा येतो, माझ्या बहुतेक पोरांचा ३ येतो, सीईटीच्या घाईतल्यांचा २. पुढचे पंधरा दिवस गणितं सोडवूच नका, नवीन गणितं घ्या आणि प्रत्येकाची फक्त तेवढीच पायरी करा, गोल काढा किंवा रेघा मारा, आणि पुढच्या गणितावर जा. एका बैठकीत पंचवीस होतात.